गृहपाठातील मदत : सहकार्य कोठे संपते, फसवणूक कोठे सुरू होते?

भातकुली तालुक्यातील गावांमधून दररोज सकाळी अनेक मुले-मुली विज्ञान शाखेच्या शिक्षणासाठी अमरावतीस जातात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारट, शेती पावसाच्या भरवशावर आणि घरचा खर्च कपाशी, तूर, हरभरा यांवर चालणारा. यांपैकी पुष्कळ विद्यार्थी आपल्या घराण्यातील पहिलेच पदवीधर ठरणार आहेत. दहावीपर्यंतचे शिक्षण उर्दू किंवा मराठी माध्यमातून झालेले असते आणि बी.एस्सी.ला आल्यावर गणित व भौतिकशास्त्र इंग्रजीतून समोर उभे राहते. वर्गात शंका विचारण्याचा संकोच वाटतो, शिकवणी परवडत नाही, घरी विचारावे तर सांगणारे कोणी नसते. अशात असाइनमेंट जमा करण्याची तारीख येऊन ठेपते. मग मित्राच्या वहीचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले जातात, गाइडमधील उत्तर जसेच्या तसे उतरवले जाते किंवा मोबाइलवरील एखाद्या यंत्राला उदाहरण विचारले जाते आणि क्षणार्धात सर्व पायऱ्यांसह उत्तर हाती येते.

हे तरुण मशिदीत येतात, नमाज पढतात आणि मनात खटकणारा प्रश्न विचारतातही. अशी मदत घेणे जायज आहे काय? या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. काही जण म्हणतात, शिक्षण हे पुण्यकर्म आहे, त्यासाठी कशीही मदत घेतली तरी चालते. दुसरे म्हणतात, आपले उदाहरण दुसऱ्याकडून समजून घेणे हीसुद्धा एक प्रकारची नक्कलच आहे. पहिल्या उत्तरात अमानतीचा विसर पडला आहे आणि दुसऱ्या उत्तरात दयेचा. इस्लामची शिकवण या दोहोंपेक्षा वेगळी आहे. ती नीट पाहिली पाहिजे.

विचारणे हा अज्ञानावरील इलाज

मदत मागण्यात काही कमीपणा आहे ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. ज्यांना माहीत नाही त्यांनी जाणकारांना विचारावे, असा आदेश पवित्र कुरआनातील सूरह नहलमध्ये (16:43) आहे. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक हृदयद्रावक प्रसंग नोंदला आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला जखम झाली होती. त्याला स्नानाची आवश्यकता पडली. आपणास तयम्मुमची सवलत आहे काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. त्यांनी न जाणताच नाही म्हणून सांगितले. त्याने स्नान केले आणि तो दगावला. ही वार्ता समजली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीव्र दुःख व संताप व्यक्त केला आणि अज्ञानाच्या व्याधीवर विचारणे हाच इलाज असल्याचे बजावले. न विचारता अंदाजाने बोलणे किती महाग पडू शकते, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

ज्याच्याकडे ज्ञान आहे त्याच्यावरही तेवढीच जबाबदारी आहे. विचारले असता ज्ञान दडवून ठेवणाऱ्यास परलोकात आगीचा लगाम घातला जाईल, असा इशारा हदीसमध्ये दिलेला आहे. तेव्हा ज्या विद्यार्थ्याला डिफरन्शियल इक्वेशन चांगले येते आणि जो स्पर्धेच्या भीतीने शेजारच्या मुलाला ते समजावून सांगत नाही, त्याने या इशाऱ्याचा विचार करावा. ज्ञान कोणाकडून घ्यावे यालाही फारशी मर्यादा नाही. बद्रच्या लढाईत (इ.स. 624) पकडल्या गेलेल्या ज्या कैद्यांजवळ मुक्तिधन नव्हते, त्यांनी मदीनेतील मुलांना लिहिण्यास शिकवावे व मोकळे व्हावे, अशी व्यवस्था प्रेषितांनी (स.) केल्याचे इतिहासात नमूद आहे. कालपर्यंत ज्यांनी तलवार उगारली त्यांच्याकडूनही अक्षरे शिकता येतात, तर गावातील निवृत्त गुरुजी कोणत्या धर्माचे आहेत हे पाहण्याचे कारणच उरत नाही.

कुऱ्हाडीचा दांडा

मदत घ्यावी हे ठरले. ती कशी असावी, हा खरा प्रश्न आहे. याचे उत्तर शोधताना हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली एक घटना मार्गदर्शक ठरते. तिच्या कथनसाखळीविषयी हदीसतज्ज्ञांनी चर्चा केली असली तरी तिचा बोध सर्वमान्य आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषितांकडे (स.) याचना करण्यासाठी आला. घरात काय आहे असे विचारता एक जाडेभरडे वस्त्र व पाणी पिण्याचे एक भांडे एवढेच असल्याचे त्याने सांगितले. प्रेषितांनी (स.) त्या वस्तू मागवून घेतल्या व दोन दिरहमांना विकल्या. एका दिरहमचे धान्य घरी देण्यास आणि दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणण्यास सांगितले. पाते आणल्यावर प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हातांनी त्याला दांडा बसवून दिला आणि त्यास लाकडे तोडून विकण्यास पाठवले. पंधरा दिवस इकडे फिरकू नकोस, असेही सांगितले. तो परतला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

या घटनेत मदतीचा कोणताही भाग कमी पडलेला नाही. भुकेची तातडीची सोय झाली, हत्यार मिळाले, दांडा बसवला गेला, दिशा दाखवली गेली. परंतु लाकूड मात्र त्या माणसाने स्वतः तोडले. प्रेषितांचे (स.) सहकारी त्याला लाकडाची मोळी सहज देऊ शकले असते. तसे झाले असते तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात उभा राहिला असता.

गृहपाठातील मदतीचे मोजमाप याच कसोटीवर करता येते. सूत्र कोठून आले हे सांगणे, इंग्रजी शब्दाचा अर्थ उलगडून दाखवणे, तशाच प्रकारचे दुसरे उदाहरण सोडवून दाखवणे, चूक कोणत्या पायरीवर झाली ते दर्शवणे हा सर्व दांडा बसवून देण्याचा प्रकार आहे. ज्या उदाहरणाचे उत्तर विद्यार्थ्याने आपल्या नावाने जमा करावयाचे आहे, तेच पूर्ण सोडवून त्याच्या हाती देणे म्हणजे मोळी देणे होय. पहिल्या मदतीने विद्यार्थ्याचे बळ वाढते. दुसरीने फक्त त्याची वही भरते.

यासोबत आणखी एका हदीसचा विचार करावा. मशिदीत एका माणसाने घाईघाईने नमाज अदा केली. प्रेषितांनी (स.) त्याला परत जाऊन नमाज पढण्यास सांगितले, कारण त्याची नमाज झालीच नव्हती. असे तीन वेळा घडले. शेवटी त्याने कबूल केले की यापेक्षा चांगली नमाज मला येत नाही, मला शिकवावे. तेव्हा प्रेषितांनी (स.) रुकू, सजदा व त्यांतील स्थिरता त्यास क्रमाने समजावून सांगितली. ही घटना बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पहिल्याच वेळी सर्व सांगून टाकणे अशक्य नव्हते. पण माणसाने स्वतः प्रयत्न करून आपली उणीव नेमकी ओळखली की शिकवण मनात ठसते. गणिताच्या विद्यार्थ्यालाही हे लागू आहे. कोऱ्या कागदासह मदत मागणाऱ्यापेक्षा, तीन पायऱ्यांपर्यंत पोहोचून चौथीवर अडलेला विद्यार्थी मदतीचा अधिक हकदार आहे आणि मदतीचा लाभही त्यालाच अधिक होतो.

उत्तर आणि रीत

उत्तर मिळाले म्हणजे काम झाले, ही भावना फार खोलवर रुजलेली आहे. ती किती पोकळ आहे हे आमच्या मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या वारसाहक्काच्या गणितावरून लक्षात येईल. एक गृहस्थ मरण पावला. कर्ज व वसीयत फेडून 96,000 रुपये उरले. मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. कुरआनाच्या आदेशानुसार पत्नीस आठवा हिस्सा म्हणजे 12,000 मिळतात. उरलेले 84,000 मुलाला दोन व मुलीला एक या प्रमाणात वाटले जातात. मुलास 42,000 आणि प्रत्येक मुलीस 21,000. हे उत्तर कोणी पाठ करून ठेवले असे समजा. आता तसेच दुसरे कुटुंब आले, पण तेथे मृताची वृद्ध आईही हयात आहे. आईचा सहावा हिस्सा 16,000 होतो. पत्नीचे 12,000 तेवढेच राहतात. बाकी 68,000 उरतात आणि मुलास 34,000, प्रत्येक मुलीस 17,000 मिळतात. पाठ केलेले उत्तर येथे निरुपयोगी ठरते. एवढेच नव्हे, ते वापरले तर एका म्हाताऱ्या आईचे 16,000 रुपये बुडतात आणि दुसऱ्याचा हक्क खाल्ल्याचे पाप माथी येते.

मृतामागे पत्नी, दोन मुली, आई व वडील असले तर हिस्स्यांची बेरीज एकापेक्षा अधिक, म्हणजे चोविसांत सत्तावीस भरते. अशा वेळी प्रत्येकाचा वाटा त्या प्रमाणात घटवावा लागतो आणि पत्नीचा आठवा हिस्सा नववा होतो. हजरत अली (रजि.) मिंबरवर असताना त्यांना हाच प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी तेथेच उत्तर दिले, म्हणून हे उदाहरण ‘मिंबरिया’ या नावाने ओळखले जाते. तेथे वही उघडण्यास अवकाश नव्हता. ज्ञान मनात होते, म्हणून उत्तर जागेवर मिळाले.

इमाम गझाली (रह.) यांच्या तारुण्यातील एक घटना चरित्रकारांनी नोंदवली आहे. जुरजान येथे शिक्षण घेऊन ते आपल्या तूस या गावी परतत असताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. गझालींनी सरदाराकडे विनवणी केली की बाकी सर्व घ्या, परंतु माझी टिपणे तेवढी परत करा, कारण त्यांत माझे सारे ज्ञान आहे. सरदार हसला. वह्या हिरावल्या की जे ज्ञान उरत नाही ते तुझे कसे म्हणायचे, असा त्याचा प्रश्न होता. टिपणे त्याने परत केली. गझालींनी मात्र तो प्रश्न अल्लाहकडून आलेली सूचना मानली आणि पुढील तीन वर्षे ती टिपणे आत्मसात करण्यात घालवली. इ.स. 1111 मध्ये निवर्तलेल्या या महान विद्वानास घडवण्यात एका लुटारूचाही वाटा होता, असे म्हणावे लागते. आजच्या विद्यार्थ्यानेही स्वतःला हाच प्रश्न करावा. मोबाइल काढून घेतला तर माझ्यापाशी काय उरते?

लंबकाचे आकडे आणि साक्ष

गणितापेक्षाही भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तेथे विद्यार्थी उत्तर लिहीत नसून साक्ष देत असतो. मी हे मोजले, मला हे आढळले, असे त्या वहीचे म्हणणे असते. साध्या लंबकाचा प्रयोग बहुतेक विज्ञान विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे. समजा, दोऱ्याची लांबी 100 सेंटीमीटर घेतली आणि 20 आंदोलनांना 40.5 सेकंद लागले. आवर्तकाल 2.025 सेकंद झाला. सूत्रात किंमती घातल्या की गुरुत्वत्वरण 9.63 येते. पुस्तकात 9.8 आहे. विद्यार्थी घाबरतो. मित्राची वही पाहतो आणि 40.5 च्या जागी 40.1 लिहून टाकतो. उत्तर 9.82 येते आणि पूर्ण गुण मिळतात.

येथे काय गमावले? लांबी मोजताना फक्त दोरा मोजला गेला होता. गोलकाचा हुक व त्याची त्रिज्या मिळून 1.8 सेंटीमीटर धरायचे राहून गेले होते. 101.8 सेंटीमीटर लांबी घेऊन त्याच 40.5 सेकंदांनी गणित केले असते तर उत्तर 9.80 आले असते. म्हणजे मोजलेला काळ अचूक होता आणि बदलला गेला तोच. चूक लांबीत होती आणि ती तशीच राहिली. एखाद्या जाणत्याला विचारले असते तर त्याने पाच मिनिटांत हे दाखवून दिले असते आणि लंबकाची लांबी कोठपर्यंत मोजावी, हे जन्मभर लक्षात राहिले असते. आकडा बदलल्याने सत्य झाकले गेले आणि शिकण्याची संधीही गेली.

घोर पापे सांगताना प्रेषित (स.) टेकून बसलेले होते. खोट्या साक्षीचा विषय आला तेव्हा ते सरळ उठून बसले आणि तो इशारा त्यांनी वारंवार उच्चारला, असे हजरत अबू बकरा (रजि.) सांगतात. प्रयोगवहीतील बनावट आकडा न्यायालयातील खोट्या साक्षीइतका भयंकर नाही, हे मान्य. पण त्याची जात तीच आहे. आज लंबकाचा आकडा बदलणारा हात उद्या औषधाच्या चाचणीचा किंवा पुलाच्या सिमेंटचा अहवाल लिहिणार आहे. इ.स. 965 च्या सुमारास बसरा येथे जन्मलेले इब्नुल हैसम प्रकाशशास्त्राचे जनक मानले जातात. पूर्वसूरींच्या ग्रंथांकडे तपासणीच्या दृष्टीने पाहावे आणि स्वतःच्या मतालाही संशयातून वगळू नये, असा त्यांचा आग्रह होता. पुस्तकातील आकड्यासाठी स्वतःचे निरीक्षण खोटे ठरवणे त्यांच्या मार्गात बसत नाही.

अडचणीची सबब

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. शहरातील मुलाचे वडील अभियंते असतात, त्याला महागडी शिकवणी असते. भातकुलीकडच्या शेतकऱ्याच्या मुलीला एस.टी.ने घरी येईपर्यंत दिवस मावळतो आणि मग आईला हातभार लावायचा असतो. तिने मैत्रिणीची वही उतरवली तर ते पाप आणि त्याने शिकवणीतील सरांकडून असाइनमेंट सोडवून घेतली तर ती हुशारी? शिवाय सगळेच असे करतात आणि वह्या कोणी वाचतही नाही.

या आक्षेपातील विषमतेचा भाग खरा आहे. सरांकडून तयार उत्तर घेणारा श्रीमंत मुलगा आणि वही उतरवणारी गरीब मुलगी यांचे कृत्य एकाच जातीचे आहे, आणि अधिक साधने असूनही मोळीच मागणाऱ्या मुलाचा दोष अधिक आहे. परंतु अडचण खरी असल्याने असत्य सत्य होत नाही. नाइलाजात निषिद्ध गोष्टीची सवलत मिळते, हा फिक्हचा नियम सर्वांना ठाऊक आहे. ती सवलत गरजेपुरतीच असते, हा त्याचा दुसरा भाग मात्र विसरला जातो. येथे नाइलाज तरी कोठे आहे? अपूर्ण असाइनमेंट देता येते. चौथ्या पायरीपर्यंत आले, पुढे समजले नाही, असे लिहिता येते. गुण कमी मिळतील. पण आपल्या बुद्धीने निवाडा करताना प्रामाणिक प्रयत्न करणाऱ्या न्यायाधीशाचा निर्णय बरोबर आला तर दोन मोबदले आणि चुकला तरी एक मोबदला, अशी हदीस आहे. जेथे चुकलेल्या प्रामाणिक प्रयत्नासही मोबदला आहे, तेथे अर्धवट उदाहरण लाजिरवाणे कसे? गणिताच्या परीक्षेतही पायऱ्यांना गुण दिले जातातच.

वही वाचणे ही शिक्षकाची अमानत आहे. त्याने ती पाळली नाही तर जाब त्याला द्यावा लागेल. त्यामुळे विद्यार्थ्याची अमानत माफ होत नाही. सगळेच करतात, हेही उत्तर पुरत नाही. आमच्या भागातील शेतकऱ्यांना हे वेगळे सांगावे लागू नये. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापसातील ओलावा मोजला जातो आणि तो 12 टक्क्यांहून अधिक निघाला तर माल परत येतो. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतून ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. धान्य भिजले हा त्या माणसाचा अपराध नव्हता. ओल झाकली, हा होता. न समजणे हाही विद्यार्थ्याचा अपराध नाही. न समजलेले समजले असे दाखवणे हा अपराध आहे. न केलेल्या कामाबद्दल प्रशंसा व्हावी असे ज्यांना वाटते त्यांच्याविषयी सूरह आले इमरानमध्ये (3:188) कठोर इशारा आहे आणि जे मिळालेले नाही ते मिळाल्याचा देखावा करणाऱ्यास प्रेषितांनी (स.) असत्याची दोन वस्त्रे पांघरणारा म्हटले आहे.

समाजावरील फर्ज

हा प्रश्न केवळ एका विद्यार्थ्याच्या गुणांचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात वैद्यक व हिशेब यांना फर्जे किफायामध्ये गणले आहे. म्हणजे समाजातील काहींनी हे ज्ञान मिळवले तर सर्वांची जबाबदारी पार पडते आणि कोणीच मिळवले नाही तर सर्व समाज गुन्हेगार ठरतो. व्यवहार, वसीयत व वारसाहक्क यांना हिशेब लागतो, हे त्यांनी कारण दिले आहे. त्यांच्याही सुमारे पावणेतीनशे वर्षे आधी, इ.स. 820 च्या आसपास, बगदाद येथे अल् ख्वारिझ्मी यांनी बीजगणितावरील तो ग्रंथ लिहिला, ज्याच्या नावातील ‘अल् जब्र’ या शब्दावरून ‘अल्जेब्रा’ हे नाव आले. त्या ग्रंथाचा मोठा भाग वसीयत व वारसाहक्काच्या उदाहरणांनी भरलेला आहे.

आता विचार करावा. दहा मुलांनी वह्या उतरवून बी.एस्सी. पूर्ण केले. समाजाजवळ दहा प्रमाणपत्रे आली. पण गावातील एखाद्या मुलाला डिफरन्शियल इक्वेशन शिकवू शकेल असा त्यांत एकही नसेल, तर फर्जे किफाया अदा झाले काय? मुळीच नाही. फर्ज ज्ञानाचे आहे, कागदाचे नाही. उलट समाजाची अशी समजूत होते की आपल्याकडे जाणकार आहेत, आणि ही समजूत अज्ञानापेक्षा घातक ठरते. पुढच्या पिढीतील मुलगी पुन्हा एस.टी.तून उतरून त्याच अंधारात बसते. आज उतरवलेली वही उद्या तिचा दिवा विझवते. नक्कल करणाऱ्याने आपलेच नुकसान केले असे म्हणून हा विषय संपवता येत नाही, तो यामुळेच.

आचरणासाठी काही गोष्टी

पहिली गोष्ट प्रयत्नाची. मदत मागण्यापूर्वी उदाहरणावर स्वतः झटावे आणि नेमके कोठे अडले ते कागदावर लिहावे. ज्याला आपला प्रश्न नीट मांडता आला, त्याचा अर्धा रस्ता पार झाला.

दुसरी गोष्ट मोबाइलवरील यंत्रांची. चॅटजीपीटीसारखी साधने 2022 च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आली आहेत. साधन स्वतः हलाल किंवा हराम नसते, त्याचा हुकूम वापरावरून व हेतूवरून ठरतो. त्याला इंग्रजी प्रश्नाचा अर्थ मराठीत किंवा उर्दूत विचारणे, आपल्या पायऱ्यांतील चूक दाखवण्यास सांगणे, सरावासाठी नवे उदाहरण मागणे यांत हरकत नाही. ज्या मुलीला शिकवणी मिळत नाही तिच्यासाठी ही मोठी नेमत ठरू शकते. पण ही यंत्रे चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतात. ज्याला रीत येत नाही त्याला ती चूक ओळखता येत नाही, आणि ज्याचे आपल्याला ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये अशी कुरआनाची आज्ञा (17:36) आहे. महाविद्यालयाने ज्या कामात अशा साधनांस मनाई केली असेल तेथे ती मनाई पाळणे हा प्रवेश घेताना केलेल्या कराराचा भाग आहे.

तिसरी गोष्ट सनदीची. आमच्या पूर्वजांनी ज्ञान घेतले तेव्हा देणाऱ्याचे नाव सांगितले. अल् ख्वारिझ्मी यांनी भारतीय अंकपद्धती स्वीकारली ती हिंदचे गणित म्हणूनच, आणि अरबीत त्या अंकांना आजही हिंदी अंक म्हणतात. हदीसशास्त्र तर पूर्णपणे कोणी कोणाकडून ऐकले यावर उभे आहे. मग अमुक मित्राने किंवा अमुक साधनाने ही पायरी समजावली, अशी एक ओळ असाइनमेंटखाली लिहिण्यात कमीपणा कसला? जी मदत लिहून दाखवता येते ती बहुधा निर्मळ असते. जी लपवावीशी वाटते तिच्याविषयी मनाला विचारावे.

चौथी गोष्ट मदत करणाऱ्याची. शिकवण्याचा मोबदला घेणे जायज आहे. पैसे घेऊन दुसऱ्याच्या नावाने जर्नल लिहून देणे हा मात्र फसवणुकीत केलेला भागीदारीचा धंदा आहे आणि ती कमाई हलाल नाही. नेकीच्या कामात परस्परांना साहाय्य करावे, पापात करू नये, ही आज्ञा सूरह माइदामध्ये (5:2) स्पष्ट आहे. मित्र रागावेल म्हणून वही देणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे की अन्याय करणाऱ्या भावालाही मदत करण्याचा आदेश प्रेषितांनी (स.) दिला आहे आणि त्याला अन्यायापासून रोखणे हीच ती मदत, असा खुलासाही केला आहे. वही देऊ नये, वेळ द्यावा.

शेवटची गोष्ट आई-वडिलांची व मशिदीची. ज्या पित्याला अक्षरओळख नाही तोही मदत करू शकतो. आज काय शिकलास ते मला आपल्या बोलीत समजावून सांग, एवढे त्याने रोज म्हणावे. लंबक म्हणजे काय हे शेतकरी बापाला सांगता आले, तर मुलाला ते कळले आहे. मशिदीच्या जबाबदारांनी मगरिब व इशा यांच्या दरम्यान एक खोली, एक फळा आणि चांगला उजेड उपलब्ध करून द्यावा. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्यांना शिकवावे, गावातील गुरुजींना सन्मानाने बोलवावे. मुलींसाठी दिवसाउजेडी स्वतंत्र वेळ ठेवावी, कारण ज्ञान मिळवण्याचे कर्तव्य त्यांनाही तितकेच लागू आहे. नक्कल करू नका असे मिंबरवरून सांगणे सोपे आहे. ज्याला आपण दांडा बसवून दिला नाही त्याला मोळी चोरल्याबद्दल दोष देण्याचा अधिकार आपल्याला थोडाच उरतो.

ज्या ज्ञानाचा लाभ होत नाही त्यापासून प्रेषित (स.) अल्लाहचे शरण मागत असत. अल्लाहतआला आमच्या मुला-मुलींना लाभदायक ज्ञान, विचारण्याचे धैर्य आणि न येणाऱ्या गोष्टीस न येणारी म्हणण्याचे सामर्थ्य प्रदान करो, आणि आम्हा थोरांना त्यांच्या साहाय्यास उभे राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.